कंबेर उस्ताचे एकोणीस सेंटीमीटर

कंबेर उस्ताची फळी गॅरेजच्या मागे होती, तारेच्या कुंपणापासून वीस पावलांवर. हातभर लांब, हातभर रुंद, पांढऱ्या रंगाची साधी लाकडी फळी. बर्फ पडायला लागला की तो दर तासाला तिथे जायचा, पट्टी सरळ उभी धरून फळीला टेकेपर्यंत खाली न्यायचा, वाकून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. दर सहा तासांनी फळी पुसायची आणि नव्या बर्फावर सपाट मांडायची. पट्टी खुपसताना घाई केली तर ती तिरकी जाते आणि फुकटचे दोन सेंटीमीटर वाढतात. तो घाई करत नसे. मी विमानतळावर सव्वीस वर्षं बर्फ लोटायची गाडी चालवली, त्यातली एकोणीस त्याच्या हाताखाली. उभ्याउभ्या आकडा वाचताना त्याला कधी पाहिलं नाही.

बाकी आमच्या किझिल्यायलात बर्फ सांगायचा असतो, मोजायचा नसतो. चहाच्या दुकानात जो शेवटी येतो, त्याच्या दारात सगळ्यात जास्त पडलेला असतो. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. उलट कमी सांगितलं तर माणूस कंजूष वाटतो.

"आमच्याकडे कमरेपर्यंत आलाय."

"कमरेपर्यंतच? आमची गाय छपरावर चरतेय."

कंबेर कोपऱ्यात साखरेचा खडा दाताखाली धरून चहा पीत असायचा. बिनाली मुद्दाम त्याच्याकडे वळायचा. बिनाली आमचा दुसरा ड्रायव्हर, तोंडाने गाडीपेक्षा जोरात.

"सांतिम, तू सांग. किती?"

"अकरा."

"अरे उस्ता, माझ्या गुडघ्याला लागतोय!"

"मग तुझा गुडघा अकरावर असेल."

सांतिम म्हणजे सेंटीमीटर. हे नाव त्याला गावानेच दिलं होतं.

तो असा का, हे त्याने मला एकदाच सांगितलं, चाकाला साखळी बसवताना. तो सतरा वर्षांचा असताना त्याची मोठी बहीण झोहरे पोटाच्या दुखण्याने आडवी झाली. खिंड बंद होती. गावच्या मुखियाने रस्ते खात्याला फोन केला, "दोन पुरुष बर्फ आहे, लवकर या." जास्त सांगितलं तर लवकर येतील, असा त्याचा हिशेब. खात्यातल्या माणसाने ऐकलं दोन पुरुष, आणि म्हणाला, मग आमच्या लहान यंत्राचं काम नाही, मोठं यंत्र शहरातून मागवतो. मोठं यंत्र तिसऱ्या दिवशी आलं. खिंडीत बर्फ गुडघ्याइतका होता. लहान यंत्र अर्ध्या दिवसात पार झालं असतं. झोहरे दुसऱ्या दिवशीच गेली.

"मुखियाच्या मनात वाईट नव्हतं," कंबेर म्हणाला, आणि साखळीचा आकडा ओढून धरला. "पाना दे."



मी सांगतोय त्या वर्षी फेब्रुवारीत आमची तिसरी गाडी अकरा दिवस गॅरेजात उभी होती. तिचा पंप गेला होता, पातं उचललं जात नव्हतं. कंबेरने तीन अर्ज लिहिले. तिन्हींवर 'पाहिले' असा शिक्का बसून परत आले. विमानतळाचे मॅनेजर फेरिदुन बे, म्हणजे फेरिदुन साहेब, तेव्हा नवीन होते. पंपासाठी वर लिहिलं तर वरचे विचारतील, थंडी सुरू होण्याआधी गाड्या तपासल्या नव्हत्या का? म्हणून त्यांनी लिहिलं नाही.

तीन गाड्या आणि दोन गाड्या यातला फरक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. धावपट्टीवर आमच्या गाड्या तिरक्या ओळीत चालतात. पहिलीने बाजूला टाकलेला बर्फ दुसरी पुढे ढकलते, दुसरीचा तिसरी, आणि तिसरी तो कडेच्या दिव्यांपलीकडे फेकते. एक गाडी कमी झाली की बर्फ दिव्यांच्या अलीकडेच राहतो. त्याचा लांबच लांब वरंबा तयार होतो. म्हणून दोनच गाड्या असतील तर पट्टीची अर्धी रुंदी आधी पूर्ण साफ करायची, मग उरलेली अर्धी. फेऱ्या दुप्पट, वेळ दुप्पट, पण वरंबा राहत नाही.

त्या बुधवारी सकाळी दहाला बर्फ सुरू झाला. ओला, जड. फेरिदुन बेंनी बिनतारीवर सांगितलं, एकचं विमान सुटलंच पाहिजे, माणसं बसवतोय. कंबेर पहिल्या गाडीवर होता, मी दुसऱ्या. तो म्हणाला, "पूर्ण रुंदी घेऊ. वरंबा राहील तो पुढच्या फेरीत उचलू."

मी म्हणालो, "उस्ता, वारा फिरतोय."

"दिसतंय. चल."

त्याने असा निर्णय घेतलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाऊण तासात वारा ईशान्येकडून आला, सोबत थंडी. ओला बर्फ जागच्या जागी गोठला. पुढच्या फेरीला आमची पाती वरंब्यावर आदळून उडू लागली. सिमेंट फोडतोय असं वाटत होतं. एकशे चाळीस माणसं घेऊन निघालेलं विमान पट्टीच्या तोंडाशी आलं. पुढे वरंबा, मागे भरत चाललेला बर्फ. ना वळता येई, ना मागे जाता येई. ते तिथे सहा तास उभं होतं. आत लहान मुलं होती, एक डायलिसिसचा म्हातारा होता. म्हातारा वाचला. पट्टी सत्तावीस तास बंद राहिली.

त्या गडबडीतही दोन वाजता कंबेर गाडीतून उतरला, फळीपाशी गेला, वाकला. चार तासांत एकोणीस सेंटीमीटर. त्याने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजातल्या टीव्हीवर फेरिदुन बे दिसले. विमान कंपनी विमानतळाला दोष देत होती, विमानतळ हवामान खात्याला, हवामान खातं म्हणत होतं आम्ही इशारा दिला होता. फेरिदुन बे पाहुण्यांच्या दाराशेजारी भिंतीला लागून उभे होते. त्यांच्या हातात मोजपट्टी होती, ती बर्फात खोल रुतलेली.

"आपणच पाहा. चार तासांत सत्तर सेंटीमीटर! एवढ्या बर्फापुढे जगातला कुठलाही विमानतळ हतबल होईल."

संध्याकाळच्या बातम्यांत सत्तरचा एक मीटर झाला. चहाच्या दुकानात पोहोचेपर्यंत दीड.

गॅरेजात टीव्हीसमोर बिनाली हसून लोटपोट झाला. मला तो आबी, म्हणजे दादा, म्हणायचा. "सेफेर आबी, ती जागा ओळखलीस का?"

मी ओळखली होती. तो ढीग माझा होता. मंगळवारी, म्हणजे हा बर्फ पडायच्या आदल्या दिवशी, मी दारासमोरची जागा साफ केली होती आणि सगळा जुना बर्फ त्या भिंतीला नेऊन लावला होता. मोजपट्टी त्यात रुतली होती. ओरखड्यावरून मला माझं पातं ओळखू येतं, डावीकडचा कोपरा वाकलेला आहे.

कंबेर टीव्हीकडे बघत होता. तो हसला नाही. त्याने नुसता चहाचा ग्लास खाली ठेवला.

शुक्रवारी सकाळी फेरिदुन बे स्वतः गॅरेजात आले. हातात टाइप केलेला कागद. राजधानीतून चौकशीची माणसं सोमवारी येणार होती. कागदावर लिहिलं होतं की बुधवारी दहा ते दोन या वेळात सुमारे सत्तर सेंटीमीटर बर्फ पडला, आणि कर्मचाऱ्यांनी शक्य ते सर्व केलं.

"यात तुमचंच भलं आहे," ते म्हणाले. "सत्तर असेल तर दोष आभाळाचा. कमी असेल तर विचारतील, मग पट्टी का बंद पडली? तेव्हा बोट कोणाकडे जाईल? माझ्याकडे? मी काय गाडी चालवत होतो?"

कंबेर सोडून आम्ही पाच जण होतो. बिनालीने सही केली. "आमच्याकडे सत्तर म्हणजे कमीच झालं, बे. लाज वाटते." सगळे हसले. मीही सही केली. हात आखडला नाही, खोटं कशाला सांगू. बर्फ सांगायचा असतो, एवढंच डोक्यात होतं.

कागद कंबेरपुढे आला. त्याने वाचला आणि परत दिला.

"माझ्या वहीत एकोणीस आहे."

"वहीत दुरुस्ती करता येते, कंबेर एफेंदी."

एफेंदी. आम्ही त्याला उस्ता म्हणायचो, कामातल्या जाणत्याला म्हणतात तसं. साहेब लोक झाडूवाल्याला, शिपायाला, ड्रायव्हरला एफेंदी म्हणतात.

"दुरुस्ती चुकलेल्या आकड्याची करतात," कंबेर म्हणाला.

"हवामानवाले इथला आकडा तुझ्याच वहीतून घेतात. दुसरी वही नाही. तुझी वही सत्तर म्हणाली की सत्तर. एकोणीस म्हणाली, तर मला लिहावं लागेल की एकोणीस सेंटीमीटर बर्फात माझ्या मुकादमाला पट्टी राखता आली नाही. मग मुकादमी जाईल. मुकादमी गेली की क्वार्टर जाईल. फेब्रुवारी आहे. विचार कर. सोमवारी सकाळी नऊला वही माझ्या टेबलावर पाहिजे."

ते गेल्यावर बिनालीने दार लावलं.

"उस्ता, तू एकटा मरणार नाहीस, आम्हालाही घेऊन मरशील. एक तीन मिनिटांचं काम. एकाचा सात कर, नवाचा शून्य कर. शेपूट खोडलं की झालं!"

"नऊचं शेपूट मला दिसतं," कंबेर म्हणाला. "तुला दिसत नसेल तर चष्मा घे."

"मी थट्टा करत नाहीये. मला तीन पोरं आहेत."

"मीही करत नाहीये."

रविवारी दुपारी मी त्याच्या क्वार्टरवर गेलो. सगळ्यांनी मला पाठवलं होतं, कारण मी त्याच्या जवळचा. दोन खोल्या, मध्ये शेगडी. त्याच्या बायकोने, गुलिझार येंगेने, म्हणजे आमच्या वहिनीने, सूप पुढे ठेवलं. आमच्यापेक्षा तीच जास्त शांत होती, म्हणून मी तिच्याशीच बोललो.

"येंगे, तूच समजाव याला. घर जाईल."

"मी काल विचारलं," ती म्हणाली. "म्हटलं, शेगडी कुठे मांडू? तर म्हणतो, जिथे धुराडं असेल तिथे. चाळीस वर्षं झाली लग्नाला, अजून सरळ उत्तर नाही." मग ती शेगडीत लाकूड घालत म्हणाली, "तू किती सांगितलंस, सेफेर?"

"काय किती?"

"बर्फ."

मी सूप ढवळत बसलो.

कंबेर म्हणाला, "याने सत्तरवर सही केली."

"तू नाही केलीस तरी तोच आकडा चालणार, उस्ता! पाच सह्या आहेत. तू कशासाठी बळी जातोस? पंप त्यांनी आणला नाही. अर्ज तुझे आहेत."

"अर्ज दाखवीन."

"मग दोष त्यांचा आहे हे सिद्ध होईलच. एवढ्यासाठी घर…"

"दोष त्यांचा आहे," तो म्हणाला. "आणि वरंबा माझा आहे. दोन गाड्यांनी अर्धी रुंदी घ्यायची, हे मी पोरांना शिकवतो. तू मला वारा दाखवलास. मी ऐकलं नाही. विमान सोडायची घाई झाली मला, मॅनेजरपेक्षा जास्त. अर्धी अर्धी घेतली असती तर विमान दोन तास उशिरा सुटलं असतं. सुटलं असतं."

मी चमचा खाली ठेवला.

"आता सत्तर लिहिलं की माझा वरंबाही त्या सत्तरखाली जातो," कंबेर म्हणाला. "कुणाला दिसणार नाही. पंपही त्याखाली. पुढच्या वर्षी पुन्हा दोनच गाड्या, पुन्हा कोणीतरी पूर्ण रुंदी घेणार. आणि म्हणणार, त्या वर्षी तर सत्तर पडला होता, यंदा काय आहे! सूप पी, गार होतंय."

मी सूप प्यालो.

सोमवारी नऊला वही फेरिदुन बेंच्या टेबलावर होती. एकोणीस तसाच. खाली त्याने एक ओळ वाढवली होती, सोमवारच्याच तारखेने आणि सहीने: 'दोन गाड्यांनी पूर्ण रुंदी घेण्याचा निर्णय माझा. कंबेर.'

दहाला चौकशीवाले आले. एक तरुण लिहून घेणारा आणि निल्गुन हानिम, पन्नाशीच्या बाई, जाड बूट घातलेल्या. बूट पाहून मला जरा बरं वाटलं. आम्ही सगळे कार्यालयात भिंतीला लागून उभे होतो. त्यांनी आमचा पाच सह्यांचा कागद वाचला, मग वही वाचली.

"इथे सत्तर. इथे एकोणीस. एकावन्न सेंटीमीटर कुठे गेले?"

फेरिदुन बे म्हणाले, "हानिम, ती फळी गॅरेजच्या आडोशाला आहे. तिथे बर्फ नीट पडतच नाही. आणि या माणसाची खोड आहे, सारं गाव त्याला हसतं. मी स्वतः सत्तर मोजला. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला."

"फळी दाखवा."

आम्ही सगळे बाहेर निघालो. बर्फ थांबून चार दिवस झाले होते, आभाळ निळं, नाक कापणारी थंडी. कंबेर पुढे. त्याने फळी दाखवली, कुंपण दाखवलं, गॅरेजपासूनचं अंतर पावलांनी मोजून दाखवलं. पट्टी कशी धरायची तेही दाखवलं. बाई वाकल्या. नीट वाकल्या, गुडघे मोडून.

"आता तुमची जागा दाखवा," त्या फेरिदुन बेंना म्हणाल्या.

आम्ही पाहुण्यांच्या दाराकडे आलो. भिंतीलगत ढीग अजून होता, वरून करडा, घट्ट बसलेला. बाईंनी बुटाने त्याच्या पायथ्याला टोचलं. आतून बर्फाची ढेकळं निघाली, एकात काळी माती, एकात सिगारेटचं थोटूक.

"आभाळातून सिगारेटी पडतात वाटतं इकडे," त्या म्हणाल्या. "हा कोणी टाकला?"

बिनालीने आपल्या बुटाकडे बघितलं. फेरिदुन बेंनी माझ्याकडे. त्यांना माहीत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार.

कंबेरला माहीत होतं. त्याने तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सुटला असता. तो आपल्या पट्टीवरचा बर्फ अंगठ्याने पुसत उभा होता, तळापासून वरपर्यंत, सावकाश. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

एकशे चाळीस माणसं, म्हातारा, पंप, क्वार्टर. हे सगळं त्या वेळी माझ्या डोक्यात होतं असं म्हणणार नाही. माझं पातं वाकलेलं होतं आणि त्याचा ओरखडा त्या ढिगावर डोळ्यांसमोर होता. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं की हा आभाळातून पडला, तर ते माझं काम नाकारणं झालं असतं. दीड तास लागला होता मला तो ढीग लावायला.

"माझा आहे," मी म्हणालो. "मंगळवारी लावला. बर्फ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. इथे पाहा, पात्याचा ओरखडा. डावा कोपरा वाकलेला. गाडी उभी आहे, ताडून घ्या."

"कागदावर सत्तर लिहून सही केलेले तुम्हीच ना?"

"हो."

"का केली?"

"सवय," मी म्हणालो. दुसरा शब्द सापडला नाही.

त्यांनी लिहून घेणाऱ्याला दोन्ही गोष्टी लिहायला सांगितल्या. मग गाडी पाहिली, वाकलेला कोपरा हाताने चाचपला. तिसरी गाडी पाहिली. कंबेरने तिन्ही अर्ज दिले, शिक्क्यांसकट. फेरिदुन बे फोनवर बोलायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

निकाल महिन्याने आला. फेरिदुन बेंची बदली झाली, समुद्रकाठी, जिथे बर्फ पडत नाही. बिनाली म्हणाला, ही शिक्षा की बक्षीस? पंप मात्र चार दिवसांत आला होता. कंबेरची मुकादमी गेली, वरंब्यासाठी. त्याने वर अर्ज केला नाही. म्हणाला, "बरोबर आहे." मला खोट्या सहीसाठी लेखी ताकीद मिळाली. मी जरा कुरकुरलो, शेवटी खरं मीच सांगितलं होतं ना. तेव्हा तो म्हणाला, "सही आधी केलीस, खरं नंतर सांगितलंस. ताकीद आधीच्यासाठी आहे." आणि मुकादमी माझ्याकडे आली, कारण माझ्याइतकी जुनी नोकरी दुसऱ्या कोणाची नव्हती.

मार्चच्या शेवटी त्याने क्वार्टर सोडलं. गावात मेव्हण्याच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, धुराडं होतं. त्या सकाळीही बर्फ पडत होता, शेवटचा, जाड पाकळ्यांचा. आम्ही सगळे सामान काढायला गेलो. शेगडी बिनाली आणि मी उचलली. ओतीव लोखंडाची, दोघांचे दंड ताणले गेले. गुलिझार येंगे गादीची वळकटी घेऊन पुढे चालत होती.

दारातून बाहेर पडताच बिनालीचा पाय रुतला. "उस्ता, गुडघाभर आहे रे! देवाशप्पथ गुडघाभर!"

कंबेरने हातातल्या खुर्च्या न ठेवता खाली पाहिलं. "चौदा."

"बघ, आता मोजतही नाही, नुसता फेकतो!"

सहावा तास भरला होता. मी शेगडी ट्रकवर चढवली, दोरी आवळली, आणि गॅरेजमागे गेलो. पट्टी फळीला टेकवली, वाकलो, आकडा वाचला. पुन्हा वाचला. वहीत लिहिला आणि परत आलो.

"तेरा," मी म्हणालो.

कंबेरने खुर्च्या ट्रकमध्ये ठेवल्या. पट्टी माझ्या हातातून घेतली, तिची खालची कड नखाने तपासली, आणि परत दिली.

"मग तेराच," तो म्हणाला. "फळी पुसलीस का?"

मी पुसायला परत गेलो.